स्मरण कुणाचे, रंजन कुणाचे?

नॉस्टॅल्जियाला मराठीत ‘स्मरणरंजन’ म्हणतात. ज्याने कुणी हा शब्द पाडला त्याने आपलं निम्मं काम करून ठेवलंय. शब्दाचे दोन तुकडे करा आणि दोन्हींसमोर एकच प्रश्न ठेवा. स्मरण कुणाचं? रंजन कुणाचं? या दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक वेळी वेगवेगळी का येतात, याचा शोध म्हणजे हा लेख.

मी हा धंदा करतो म्हणून बोलतो. गेली काही वर्षं एका रविवार पुरवणीत माझं सदर आहे. रेडिओ सिलोन, छायागीत, कॅसेटी, भाड्याचे व्हीसीआर, जुन्या सिनेमांची पोस्टरं. सातशे शब्द. मानधन उशिरा येतं, पण येतं. वाचक मात्र भरपूर. आणि आपल्या अभ्यासवर्गातली पोरं मला तोंडावर विचारतात, “काका, शनिवारी तुम्ही अत्याचाराच्या केसवर बोलता आन् रविवारी ‘ते सोनेरी दिवस’ लिहिता. हे जमतं कसं?”

प्रश्न उर्मट नाही, रास्त आहे. त्यामागे दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की हा पांढरपेशांचा पोटभरीचा उद्योग आहे. ज्यांचं आज बरं चाललंय त्यांनी कालच्या गोष्टी चघळाव्यात. दुसरा जास्त खोल आहे. आपला काल सोनेरी नव्हताच. मग त्याच्या आठवणी काढून गहिवरणं म्हणजे अत्याचाराला अत्तर लावणं नव्हे काय?

आपल्या साहित्यानं आठवण वापरली ती साक्ष म्हणून. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं, प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली. दोन्ही आठवणींचीच पुस्तकं. पण ती वाचून कुणाला ‘काय ते दिवस होते’ असं वाटलं नाही. प्रस्थापितांच्या पोटात गोळा आला, आमच्या अंगात बळ आलं. तेव्हा आठवणीशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते आठवणीला पाक घालून विकण्याशी. आणि प्रश्न असा, की विकल्या जाणाऱ्या जागेत बसून खरी आठवण लिहिता येते का?

अशा सदराचं कारस्थान एका शब्दात असतं. तो शब्द ‘आपण’. ‘आपण सगळे रविवारी टीव्हीसमोर बसायचो.’ ‘आपल्या सगळ्यांच्या लहानपणी.’ ‘अख्खं गाव एक व्हायचं.’ हा ‘आपण’ फार प्रेमळ दिसतो. सगळ्यांना पोटाशी धरतो. पण पोटाशी धरताना कोण कुठे उभा होता ते पुसून टाकतो.

उदाहरण घेऊ. रामानंद सागरांची ‘रामायण’ मालिका दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ ला संपली. रविवारी सकाळची वेळ. या मालिकेवर आजवर जितकं स्मरणरंजन झालं तितकं क्वचितच कशावर झालं असेल. रस्ते ओस पडायचे, टीव्हीला हार घालायचे, गावात एकच टीव्ही आणि सगळे त्याच्यासमोर. हे खोटं नाही. आमच्या गावातही एकच टीव्ही होता, पाटलाच्या वाड्यात. घरची माणसं सतरंजीवर. गावातली पोरं ओसरीवर. आमची पोरं अंगणात, खिडकीच्या गजाला लागून. तिथून पडद्याचा डावीकडचा भाग दिसायचा. बाण सुटायचा तो दिसायचा, लागायचा तो दिसायचा नाही. कोण मेलं ते आत बसलेल्यांच्या आरड्यावरून समजून घ्यायचं.

आमच्या घरात १९५६ पासून बावीस प्रतिज्ञा होत्या. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. मी पंधरा वर्षांचा. वाड्यावर जाऊ का, म्हणून मायला विचारलं. तिनं हातातलं काम न सोडता सांगितलं, “बघाय जा. हात नको जोडू.” माझ्या मते संस्कृती आणि करमणूक यांच्याबद्दल याहून सरळ धोरण कुठल्या परिषदेत ठरलेलं नाही.

आता तोच काळ दुसऱ्या बाजूनं बघा. १९८७ साली महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला. त्यात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ होतं. रामकृष्णाच्या कोड्यावरचं परिशिष्ट वगळा म्हणून गदारोळ झाला. ते वगळू नये म्हणून फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. म्हणजे ज्या महिन्यांत पडद्यावर राम चालला होता, त्याच महिन्यांत रस्त्यावर ‘रामाला प्रश्न विचारायचा हक्क आहे की नाही’ यावर लाखोंची चळवळ चालली होती. ‘ऐंशीचं दशक’ म्हणून जे लेख येतात त्यांत पहिली गोष्ट हमखास असते. दुसरी नसते. तीही रविवारच्या टीव्हीइतकीच त्या दशकाची होती.

मी त्या मालिकेवर सदर लिहिलं तेव्हा खिडकीच्या गजाचं वाक्य लिहिलं. संपादकाचा फोन आला. माणूस सज्जन. म्हणाले, “लेख झकास. तेवढं एक वाक्य काढू या का? वाचकाचा रविवार उगाच कडू होतो.” मी म्हटलं, साहेब, ते वाक्य काढलं तर लेखात माझं काय उरतं? बाकीचं तर कुणीही लिहील. थोडी ओढाताण झाली. वाक्य छापलं गेलं.

मग पत्रं आली. त्यातलं एक मी जपून ठेवलंय. एका बाईंचं, त्याही अशाच एका वाड्यात वाढलेल्या. त्यांनी लिहिलं, की आमच्याकडे तर सगळ्या जातींची माणसं टीव्ही बघायला यायची, आम्ही कधी भेद केला नाही, कुणाला नाही म्हटलं नाही. पत्र रागाचं नव्हतं. दुखावलेलं होतं.

पोरं म्हणाली, “खोटं बोलतेय.” मला तसं वाटत नाही. सगळे यायचे हे तिला खरंच आठवतं. कुठे बसायचे हे आठवत नाही, कारण तिनं ते पाहिलंच नव्हतं. टीव्हीकडे तोंड करून बसलेल्या माणसाची पाठ दाराकडे असते. अंगणातल्या पोराला मात्र टीव्हीही दिसतो आणि टीव्ही बघणाऱ्यांच्या पाठीही दिसतात. एकाच खोलीची दोन स्मरणं. एकात फक्त पडदा आहे. दुसऱ्यात पडदा आहे आणि खोलीही आहे.

मित्रहो, माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हा एवढाच आहे. स्मरणरंजन खोटं असतं म्हणून ते अनीतीचं ठरत नाही. ते बऱ्याचदा खरंच असतं. एका जागेवरून दिसलेलं खरं. ते एका जागेवरून दिसलेलं सत्य ‘आपण’ म्हणून सगळ्यांच्या नावावर चढवलं जातं, तिथं अन्याय सुरू होतो. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढवण्याचाच हा प्रकार, फक्त इथं जमिनीऐवजी काळ आहे.

कुणी म्हणेल, रामायणाचं जाऊ द्या, तो धर्माचा मामला. सिनेमाची गाणी तर सगळ्यांची होती ना? होती. गाण्याबद्दल मला विशेष प्रेम आहे आणि त्याचं कारणही जातीचंच आहे. पाणी अडवता येतं, वाट अडवता येते, आवाज अडवता येत नाही. हॉटेलातल्या रेडिओवरचं गाणं बाहेर बाकड्यावर वेगळ्या कपात चहा पिणाऱ्यालाही तेवढंच ऐकू यायचं. कान कुणाला शिवत नाही. म्हणून आमच्या पिढीनं रेडिओवर जीव टाकला.

पण तिथंही ‘सगळ्यांची आवड’ कशी ठरायची ते बघा. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता. गाण्यांचे क्रम लागायचे ते दुकानांतल्या रेकॉर्डींच्या विक्रीवरून आणि श्रोता संघांच्या पसंतीवरून. म्हणजे आवडीची मोजणी दुकानाच्या गल्ल्यापाशी आणि लिहिता येणाऱ्याच्या टेबलापाशी व्हायची. कपाशी वेचता वेचता तेच गाणं गुणगुणणाऱ्या बाईचं मत कुठल्याच वहीत नव्हतं. तिची आवड लोकप्रियतेत धरलीच नव्हती. आज त्या याद्या काढून ‘देशाची आवडती गाणी’ असे लेख लिहिले जातात. याद्या खऱ्या आहेत. ‘देश’ हा शब्द तपासून घ्यावा लागतो.

आणखी एक गंमत. हीच सिनेमाची गाणी त्या काळातल्या संस्कृतिरक्षकांना नको होती. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेल्या बी. व्ही. केसकरांच्या कारकिर्दीत ती आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. अभिरुची हीन म्हणून. ऐकणारे सिलोनकडे वळले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. कालची हीन अभिरुची आज ‘सुवर्णकाळ’ म्हणून मखरात बसलीय. तेव्हा आमच्या भीमगीतांच्या कॅसेटींना कुणी ‘गोंगाट’ म्हटलं तर घाबरायचं कारण नाही. मखर बनवणाऱ्यांचा इतिहास आपल्याला पाठ आहे.

आता एक अवघड गोष्ट सांगतो, कारण आपल्या बैठकांत सोप्या गोष्टी फार होतात. १९८८ साली रामायण मालिका संपली तेव्हा पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. मागणी पगाराची नव्हती. त्यांना उत्तररामायण हवं होतं. हे वाल्मीकी समाजाचे लोक. ज्या भागात वाल्मीकी ऋषी आश्रमात सीतेला आसरा देतो, लवकुशांना शिकवतो, नेमका तोच भाग न दाखवता मालिका बंद झाली होती. कचरा साचला. संप इतर शहरांत पसरला. सरकार नमलं आणि पुढचे भाग काढावे लागले. आपल्यातला एखादा म्हणेल, बघा, गुलामी. रामायणासाठी संप! घाई करू नका. त्या लोकांचा मार्ग आपला नाही. पण त्यांनी जे ओळखलं ते आपल्यातल्या शहाण्यांनी ओळखलं नव्हतं. अख्खा देश बघतोय त्या पडद्यावर आपलं माणूस येतं की नाही, हा फालतू प्रश्न नाही. करमणूक ही करमणूक नसते तेवढी. ती हजेरीपुस्तक असते. त्यांनी झाडू खाली ठेवून आपली हजेरी लावून घेतली.

आणि हजेरीपुस्तक कुणाच्या हातात असतं ते २०२० मध्ये दिसलं. टाळेबंदी लागली आणि २८ मार्चपासून दूरदर्शननं तीच मालिका पुन्हा दाखवायला घेतली. त्याच आठवड्यांत मजूर डोक्यावर बोचकी घेऊन हमरस्त्यानं गावाकडे पायी निघाले होते. घरात बसलेल्यांसाठी बालपण परत आलं होतं. चालणाऱ्यांना बसायला घर नव्हतं. आठवणीचा असा सरकारी डोसही असतो, हे लक्षात ठेवा.

आतापर्यंत स्मरणाचं झालं. रंजनाचं काय? तमाशावर, लावणीवर आठवणींचे लेख तुम्ही वाचले असतील. फेटे, दौलतजादा, ढोलकी, ‘काय ती अदा’. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण माणूस, कवी मोठा, त्यात वाद नाही. त्यांच्या फडात नाचणारी पवळा, नगर जिल्ह्यातल्या हिवरगावची, महाराच्या घरातली. त्या काळातली ती खरी सिनेनटी म्हणा ना. लोक तिकीट काढून तिला बघायला यायचे. लेखांत बापूरावांचा त्याग येतो, त्यांनी जात सोडली हे येतं. पवळा येते ती सौंदर्य म्हणून. तिला रंजन करायला ठेवलं आणि स्मरण दुसऱ्याच्या नावावर गेलं. रंजन करणारे आपण, आठवणारे ते. आपल्या सगळ्या कलावंतिणींची गोष्ट या एका वाक्यात बसते. आणि चळवळीकडूनही त्यांना उबदार जागा मिळाली असं म्हणवत नाही. अशा खेळाचे पैसे बाबासाहेबांनी चळवळीसाठी घेतले नाहीत, ही हकिकत आपल्यात अभिमानानं सांगितली जाते. त्यांचं कारण मला पटतं. बाईला नाचवून मिळालेल्या पैशावर तिची मुक्ती उभी राहत नाही. पण नाचणाऱ्या बाईचं पुढं काय झालं, हे विचारण्याचं काम आपण फार उशिरा सुरू केलं. शैलजा पाईक यांचं तमाशातल्या दलित स्त्रियांवरचं इंग्रजी पुस्तक यायला २०२२ साल उजाडावं लागलं.

म्हणून आता पोरांनो, तुमच्याकडे वळतो. आपलंही स्मरणरंजन आहे. वामनदादांची गाणी, विठ्ठल उमपांचा पहाडी आवाज, प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेटी, चौदा एप्रिलला खांबावर बांधलेला कर्णा, रात्रभर चालणारे कव्वालीचे सामने. त्यावर लिहिताना माझा हात थरथरतो, इतका गोडवा आहे त्यात. तो गोडवा लिहायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. आपल्या भूतकाळात फक्त मार आणि भूक शोधणारे वाचक मला आवडत नाहीत. त्यांना आपण रडताना हवे असतो. उपाशी माणूस गातो तेव्हा तो भूक विसरलेला नसतो, पण गाणंही खोटं नसतं. आनंद ही काही सवर्णांची वतनदारी नाही.

पण जो प्रश्न मी वाड्यातल्या बाईंना विचारला तोच आपल्या मंडपातही विचारणार. कव्वाली ऐकायला ‘अख्खी वस्ती’ बसायची म्हणतो आपण. बाया कुठे होत्या? भाकऱ्या थापून, पोरं निजवून, मंडपाच्या कडेला येऊन उभ्या राहायच्या, आणि सामन्यात स्टेजवरून बाईवर कोट्या झाल्या की पुरुष टाळ्या द्यायचे. शेजारच्या मांगवाड्यातली माणसं त्या ‘अख्ख्या वस्तीत’ होती का? आपल्या ‘आपण’लाही दार आहे. त्या दाराबाहेरही कुणीतरी गजाला धरून उभं होतं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं ते याच कारणासाठी. म्हाताऱ्या झालेल्या बायांच्या दारी जाऊन त्यांनी चळवळीची आठवण गोळा केली. ते पुस्तक आधीच्या इतिहासाला खोटं ठरवत नाही. त्याला उरलेली खोली दाखवतं.

मग सदर चालवायचं की बंद करायचं? मी चालवणार. बंद केलं तर ती सातशे शब्दांची जागा मोकळी राहणार नाही. तिथं दुसरा कुणी येईल आणि पुन्हा ‘आपण सगळे’ सुरू होईल. त्या जागेत लिहायचा माझा एकच नेम आहे, तो तुम्हांलाही सांगतो. कुठलीही गोड आठवण लिहा, पण तुम्ही कुठे बसून पाहिलं ते सांगा. सतरंजीवर, ओसरीवर की अंगणात. आणि तुमच्या पाठीमागे कोण होतं ते मान वळवून बघा. एवढं केलं की रंजन कमी होत नाही. उलट वाचक जास्त जागा होऊन वाचतो. ज्यांचा रविवार तेवढ्यानं कडू होतो, त्यांचा तो आधी कुणाच्या जिवावर गोड होता हे त्यांनी शोधावं.

तुम्हांला एक कामही देतो. तुमच्या वस्तीत कुणाच्या तरी माळ्यावर जुन्या कॅसेटींची पिशवी पडलेली असेल. फितीला बुरशी धरते, ती चिकटते, एक दिवस नुसती फरफर उरते. ती पिशवी उतरवा. गाणी उतरवून घ्या. आणि ज्यांच्या घरची ती असेल त्या आजीला विचारा, हे गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं? बसून की उभ्यानं? तेव्हा हातात काय काम होतं? तिचं उत्तर वहीत लिहा, तारखेसकट. गाणं कंपनीनं कुठंतरी जपलं असेल. आजीचं उभं राहणं कुणीच जपलेलं नाही.

जयभीम.